पूजेला मांडलेला पाना

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, धाकट्या बहिणीला नाही — तिला तर नाहीच नाही. देवापुढेसुद्धा मनातल्या मनात बोलले नाही. देवापुढे बोलायचं म्हटलं की आधी पश्चात्ताप झालेला असावा लागतो, आणि माझं घोडं तिथेच अडतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखत असता तर बहुधा तुमची गाडी माझ्याकडेच आली असती, आणि मग मला गप्प बसावं लागलं असतं.

हो, मी गाड्या दुरुस्त करते. नागपुरात, मनीषनगरला, घराच्या अंगणातच आमचं गॅरेज आहे. बाबांनी सुरू केलं, ते गेल्यावर मी चालवते. आयटीआयच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते, तेव्हा लोकांना जे जे म्हणायचं होतं ते त्यांनी तेव्हाच म्हणून घेतलं. आता तेच लोक लांबून येतात. हिंगण्याच्या कारखान्यांत जाणारे येतात, कळमन्याचे व्यापारी येतात. गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग थरथरतं, खड्ड्यात चाक गेलं की खट् वाजतं — असलं काही असलं की ‘कुंदाताईकडे न्या’ म्हणतात. कुंदाताई म्हणजे मी. ही बढाई नाही. पुढे कुठेतरी तुम्हाला वाटेल की हिला कळलं नसेल बिचारीला, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मला सगळं कळलं होतं.

पण असं एकदम नाही सांगता येत. आधी मोरूकाका कोण ते सांगायला हवं.

मोरूकाका आमच्या समोरच्या घरात राहतात. बाबांचे जिवलग मित्र. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि स्वभाव असा संशयी की स्वतःच्या घरचं दूधही उकळताना वाकून बघतील. आमच्या धंद्यात एक रीत आहे: गाडीला नवा पार्ट बसवला की जुना पार्ट नव्याच्या रिकाम्या खोक्यात घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. खरंच बदलला, नुसतं बिल नाही फाडलं, याची त्याला खात्री पटावी म्हणून. बहुतेक लोक म्हणतात, राहू द्या, काय करू त्या लोखंडाचं. मोरूकाकांनी जन्मात कधी असं म्हटलं नाही. खोकं उघडून बघायचे, पार्ट उलटासुलटा करायचे, आणि पिशवीत घालून घरी न्यायचे. बाबा हसायचे. म्हणायचे, “मोऱ्या, या जुन्या पार्टांतून तुह्या घरी एक दुसरी गाडी उभी राहीन आता.” काकाही हसायचे, पण खोकं सोडायचे नाहीत.

मी त्यांना ‘ते’ म्हणते आहे. सवय, दुसरं काय? मनात मी ‘तो’ म्हणते.

बाबा गेल्यानंतर वैशूचं लग्न ठरलं. वैशू म्हणजे माझी धाकटी बहीण. मुलगा वर्ध्याचा, शाळेत शिक्षक, आणि वैशूला तो इतका आवडला होता की त्याचा फोन आला की ती गच्चीवर पळायची आणि खाली येताना दोन-दोन पायऱ्या गाळायची. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्याच अंगणात झालं. मी गाड्या बाहेर काढल्या, फरशीवरचं ऑइल घासून काढलं, मांडव टाकला. आणि बाबांच्या जागी, पाटावर, कोण बसलं होतं? मोरूकाका. आईनंच बसवलं. त्यांनी मुलाकडच्यांची ऊठबस केली, मुलाच्या वडिलांचा फोन नंबर घेतला, जाताना त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. आई डोळे पुसत म्हणाली, तुझे बाबा असते तर याहून काय वेगळं केलं असतं?

महिनाभरात निरोप आला — लग्न होणार नाही. कारण? नाही सांगितलं. अंगठी परत पाठवा, एवढंच. आणि दिवाळीनंतर मोरूकाका पत्रिका घेऊन आमच्या दारात. त्यांच्या सख्ख्या भाचीचं लग्न. मुलगा वर्ध्याचा, शाळेत शिक्षक.

हो. तोच.

पत्रिकेला हळद-कुंकू लावून त्यांनी आईच्या हातात दिली आणि म्हणाले, योग असतो वहिनी, आपल्या हातात काय आहे? आईनं त्यांना चहा दिला. आणि आम्ही त्या लग्नाला गेलो! आईचं म्हणणं, नाही गेलो तर लोक म्हणतील पोरीतच काही खोट होती. तिथे जेवणाच्या पंगतीत मुलाची एक आत्या माझ्या शेजारी बसली. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं जिलेबी खात खात मला सगळं सांगितलं. आधी एक स्थळ ठरलं होतं म्हणे, पण शेजारच्या एका भल्या माणसानं वेळेवर सावध केलं. थोरली दिवसभर परक्या पुरुषांच्या गाड्यांखाली लोळते, धाकटीचं कळमन्याच्या एका अडत्याच्या पोराशी जुळलेलं आहे, आणि बाप गेल्यापासून घरावर कुणाचा वचक नाही. मी विचारलं, कोण होता तो भला माणूस? तिनं हनुवटीनं दाखवलं. मोरूकाका वरपित्याला अत्तर लावत होते.

आमच्यात याला केसानं गळा कापणं म्हणतात. बापाच्या पाटावर बसून कापला.

वैशूनं अन्नपाणी सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ती जेवायची, झोपायची, मला पाने आणून द्यायची, आणि कशाचंच काही नसल्यासारखी असायची. जिना उतरताना एकेक पायरी उतरायची. मग काटोलकडच्या एका गावातलं बिजवराचं स्थळ आलं, तर तिनं फोटोही न बघता ‘हो’ म्हटलं. माणूस वाईट नाही, शांत आहे, पण वैशूनं त्याला निवडला नव्हता. तिनं तेव्हा काहीच निवडलं नव्हतं. आणि लग्नानंतर ती माहेरी येईना. दिवाळी नाही, राखी नाही. फोनवर एकदाच म्हणाली, “त्या गल्लीत पाय ठेवावासा नाही वाटत वं ताई. दार उघडलं की समोर ते घर दिसते.”

तुम्ही विचाराल, मी काकांना जाब का विचारला नाही? विचारणार होते. आईनं पाय धरले. बापामागे आपण दोघी, शेजारी वैर घेऊन कसं जगायचं? मग मी हसले. काकांना ‘या काका’ म्हटलं, त्यांच्या गाडीचं ऑइल बदललं, जुना फिल्टर खोक्यात घालून हातात दिला. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे गावची पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक बघायला गर्दीत उभी राहिले, आणि सगळे ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडायचे तेव्हा बाकीचे रोगराई, महागाई ने म्हणायचे, मी एकच नाव ओरडायचे. ढोलात कुणाला ऐकू जातं? मारबत काही त्याला घेऊन गेली नाही. म्हटलं ठीक आहे, आपली वेळ येईल.

वेळ आली. तीही चालत आली, माझ्या अंगणात.

दसऱ्याला काही दिवस राहिले होते. काका गाडी घेऊन आले. वळण घेताना पुढून काहीतरी वाजते म्हणाले. मी पुढचं उजवं चाक जॅकवर उचललं, दोन्ही बाजूंनी धरलं आणि आडवं हलवलं.

टक्.

हातालाच कळतं ते, कानाची गरज नाही. स्टिअरिंगचा दांडा जिथे चाकाला जोडलेला असतो तिथे एक छोटा सांधा असतो, आपल्या गुडघ्याच्या वाटीसारखा. टाय रॉड एंड म्हणतात, आम्ही नुसतं जॉइंट म्हणतो. वर रबराची टोपी, आत ग्रीस, आणि त्यात फिरणारी गोळी. टोपी फाटली की ग्रीस बाहेर येतं, धूळ आत जाते, आणि गोळी वाटीत खुळखुळायला लागते. मी खाली वाकून टॉर्च मारला. टोपी चिरलेली, ग्रीस वाळून काळं झालेलं, बोटानं दाबलं तरी सांधा वर-खाली होत होता. असा जॉइंट एक दिवस वाटीतून सुटतो. सुटला की स्टिअरिंग माणसाच्या हातात राहतं आणि चाक त्याच्या मर्जीनं जातं.

नवा जॉइंट माझ्या फळीवर होता. पिन काढायची, नट सोडायचा, बाजूनं हातोड्याचे ठोके द्यायचे, जुना निघतो, नवा बसतो. मग चाकं सरळ करून घ्यायची. चहा उकळून थंड होईपर्यंतचं काम. मी वाकलेलीच होते, आणि मला दिसत होते काकांचे बूट — पॉलिश केलेले, एक पाय दुसऱ्यावर ठेवून आरामात बसलेले. बाबांच्या खुर्चीत.

मी उठले. चाक खाली घेतलं. हात पुसले — चिंधीनं, सावकाश, बोटं एकेक करून. आणि म्हणाले, “काही नाही काका. रस्तेच खराब आहेत.”

“नीट पाह्यलं नं वं? मले दूर जाचं आहे दसऱ्याले.”

“पाह्यलं.”

बस. एवढंच. हा एक शब्द मी बोलले. पार्ट बदलून नवा म्हणून जुना लावणारे मेकॅनिक असतात, नसलेला बिघाड सांगणारे असतात, त्यांना मी आयुष्यभर शिव्या दिल्या. मी त्यातलं काहीच केलं नाही, नाही का? मी कुठे काही मोडलं? मी फक्त पाहिलं आणि गप्प राहिले.

अशी समजूत मी घालून बघितली होती. पटत नाही. चावी त्यांच्या हातात देताना माझ्या छातीत जे होत होतं ते भीतीनं नव्हतं. साक्षगंधाला मांडव घालताना झालं होतं तसं होत होतं — आता काहीतरी मोठं होणार, आपल्या घरचं. मधल्या दिवसांत मी केव्हाही गल्ली ओलांडून सांगू शकत होते, काका, जरा परत आणा, शंका आहे. रोज सकाळी दार उघडलं की समोर गाडी दिसायची. रोज मी तिच्याकडे बघून दात घासायचे.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही हत्यारं पूजेला मांडली. बाबांपासूनची पद्धत. चौरंगावर लाल कापड, त्यावर सगळे पाने, पक्कड, हातोडे, मधोमध बाबांचा मोठा पाना, प्रत्येकाला कुंकवाचं बोट आणि झेंडूचं फूल. पूजा झाली की त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही. सगळ्या गॅरेजवाल्यांत हा नियम पाळतात, नागपुरात त्या दिवशी गाडी बंद पडली तर ती ढकलतच न्यावी लागते. मी निरांजन ओवाळत होते आणि फाटक वाजलं. काका. नवा पांढरा शर्ट, कपाळाला गंध.

“कुंदा, आवाज वाढला वं. एकदा पाहून देशीन का?”

आता सांगा — मला दुसरी संधी मिळाली होती की नाही? देवानं दिली म्हणा, कुणीही दिली म्हणा. दारात येऊन उभी राहिली होती. आणि मी काय केलं? मी देवालाच मध्ये घातलं.

“हत्यारं पूजेला मांडली काका. आज नाही उचलत. उद्या आणा नं.”

त्यांनी चौरंगाकडे पाहिलं. बूट काढले, पुढे आले, आणि माझ्या पान्यांना हात जोडले. “खरं आहे,” म्हणाले, “नियम तो नियम.” आणि गेले. संशयी माणूस! घरच्या दुधावर विश्वास नाही, आणि माझ्यावर ठेवला.

नियम म्हणे. त्या नियमाचं मी तुम्हाला खरं सांगते. मी शाळेत असताना एका दसऱ्याला आमच्या फाटकासमोर एक गाडी बंद पडली होती, आत बाळंतपणाच्या कळा सुरू झालेली बाई. बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. चौरंगावरून मोठा पाना उचलला, कुंकू आपल्याच नव्या शर्टाला पुसलं आणि बोनेटमध्ये शिरले. आजी ओरडली, तर म्हणाले, “कामाच्या वेळी देव काय पाना धरून बसणार हाय?” तो शर्ट आईनं पुष्कळ दिवस ठेवला होता, डागासकट. म्हणजे मला नियम ठाऊक होता, आणि तो कधी मोडायचा तेही ठाऊक होतं. त्याच पान्यासमोर उभी राहून मी खोटं बोलले. तो पाना अजून मी रोज वापरते.

दिवसभर मी पायरीवर बसून होते. आईनं पुरणपोळी वाढली, ती ताटात सुकली. काय करत होते मी? वाट बघत होते. मनात सारखं तेच. मी त्याला मरताना बघत नव्हते — खरंच नाही. मी त्याला कळताना बघत होते. कुठलातरी मोकळा रस्ता, गाडी वेगात, आणि हातातलं स्टिअरिंग एकदम हलकं, फिरवलं तरी काहीच होत नाही. सगळं हातात आहे असं वाटत असतानाच काहीच हातात नाही, हे त्याच्या तोंडावर उमटायला हवं होतं मला. आम्हाला तसं झालं होतं. अंगठी परत पाठवा म्हणाले, तेव्हा अगदी तसं झालं होतं.

आणि समोरून कुणी येत असेल तर? रस्त्याच्या कडेनं सोनं वाटायला निघालेलं एखादं कुटुंब असेल तर? आला, हा विचार मला आला. मी एवढी दगड नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला. आता याला काय म्हणतात ते तुम्हीच म्हणा.

दिवेलागणीला गल्लीत माणसं बाहेर पडली होती, आपट्याची पानं देणं-घेणं चाललं होतं. आणि काकांची गाडी गल्लीत शिरली. धडधाकट. मी उभी राहिले. ते स्वतःच्या घराकडे वळतील असं वाटलं, पण त्यांनी आमच्या फाटकाकडे स्टिअरिंग पूर्ण वळवलं, आणि — कडाक्. पुढचं उजवं चाक बाहेरच्या बाजूला लोळलं, मोडक्या पायासारखं. गाडी फाटकाच्या खांबाला घासून थांबली. वेग नव्हताच. कुणाला खरचटलंही नाही.

आता ते सांगते, ज्यासाठी इतकं बोलले. चाक लोळलं तेव्हा मला ‘वाचले’ असं वाटलं नाही. मला राग आला. माझ्या मनात आलं ते शब्दाला शब्द असं — इथे काहून तुटला रे मेल्या? इथे, माझ्या दारात, बैलगाडीच्या चालीत? दिवसभर त्या रस्त्यावर काय करत होतास? मी त्या लोखंडाच्या तुकड्यावर चिडले होते. त्यानं माझं काम केलं नाही म्हणून.

आणि मागचं दार उघडलं. आधी एक पिशवी बाहेर आली. मग कडेवर वर्षाचं लेकरू घेऊन वैशू उतरली.

ती हसत होती. “ताई, तुह्या दारातच मोडली वं गाडी!” म्हणाली. बाळाच्या मुठीत आपट्याचं पान होतं, ते त्यानं तोंडात घातलेलं. आई धावली, बाळाला घेतलं, रडायला लागली, गल्लीतली माणसं जमली, कुणी म्हणालं देवीचीच कृपा, कुणी म्हणालं रस्त्यात झालं असतं तर तिघांपैकी एकही हाती लागला नसता. मी ऐकत होते. काटोलपासून इथपर्यंतचं प्रत्येक वळण माझ्या डोळ्यांसमोर येत होतं, आणि आता मागच्या सीटवर वैशू बसलेली होती.

मग गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, परवा-तेरवाच तर ही गाडी इथे उभी होती, कुंदानं चाक उचलून पाहिलं होतं. सगळे माझ्याकडे वळले. वैशूही वळली. मी तोंड उघडलं असतं का? माहीत नाही. आज कितीही म्हटलं तरी माहीत नाही. कारण त्याआधी काका बोलले.

“ते तं हवा भराले आणली होती,” ते म्हणाले. गाडीच्या दाराला धरून उभे होते. “आवाजाचं मी हिले सांगतलंच नाही. माहीच चूक झाली.”

असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला कळलं की त्यांना कळलं आहे. कसं कळलं? मला वाटतं, गाडी गल्लीत शिरली तेव्हा बाकी सगळी गल्ली त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि मी एकटी पुढच्या उजव्या चाकाकडे. काचेतून ते दिसलं असणार. संशयी माणसाला एवढं पुरतं.

मग त्यांनी खिशातून आपट्याचं पान काढून मला दिलं. रीत आहे — धाकट्यानं वाकायचं. मी वाकले. त्यांच्या बुटांवर काटोलची धूळ होती.

रात्रीचं जेवण रांधताना वैशूनं सांगितलं. काका सकाळी तिच्या दारात गेले, तिच्या सासूच्या समोर, आणि काही न बोलता तिच्या पाया पडले. पांढऱ्या केसांचा माणूस, आपल्या निम्म्याही वयाच्या नसलेल्या पोरीच्या पाया. म्हणाले, मी तुझ्याविषयी खोटं बोललो होतो, भाचीच्या लोभानं बोललो, आता सोनं द्यायला आलो आहे, आणि तू येत असशील तर तुला माहेरी न्यायला. वैशू रडली म्हणे, खूप रडली, आणि मग पिशवी भरली. “जाऊ दे वं ताई,” ती मला म्हणाली, “म्हातारा झाला तो. मी सोडून दिलं.” तिनं पोळी लाटता लाटता सोडून दिलं. तव्यावरची पोळी फुगली होती, ती तिनं बाळाला दाखवली.

म्हणजे मी कुठे जायचं ते विचारलं असतं, तरी हे झालं नसतं. ‘दूर जाचं आहे’ म्हणाले तेव्हा एकच शब्द — कुठे? मी तेवढंही विचारलं नाही. मला ठाऊकच करून घ्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेतला मोठा पाना उचलला आणि त्यांचा जॉइंट बदलला. नवा बसवला, पिन घातली, चाकं सरळ केली. जुना हातात घेऊन पाहिला: गोळी वाटीतून पार निघालेली, कड झिजून चमकत होती. रीतीप्रमाणे तो नव्याच्या खोक्यात घातला आणि काकांपुढे धरला. ते बाबांच्या खुर्चीत नव्हते बसले, उभे होते. त्यांनी खोक्याकडे पाहिलं. उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खोकं उघडलं नाही. माझ्याच हातावर हलकेच मागे ढकललं.

“राहू दे वं. तुह्यापाशीच राहू दे.”

आणि चावी घेऊन गेले.

वैशू आता दर सणाला येते. बाळ चालायला लागलं, माझ्या पान्यांशी खेळतं. काका त्याला खांद्यावर घेऊन कोपऱ्यापर्यंत नेतात. गाडी अजून माझ्याकडेच येते, त्यांची, आणि ते अजून तसेच चावी देतात, आणि कुठल्याच पार्टाचं खोकं आता मागत नाहीत. ज्या तोंडानं खोटं बोलून त्यांनी आमचं नाव घालवलं, त्याच तोंडानं खोटं बोलून माझं राखलं. मग फिटलं का? वैशूचं फिटलं असेल. लोक म्हणतील, तूही आता सोड. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी मी आहे. उलट त्या दिवसापासून मला त्याचा जास्त राग येतो. आधी खालच्या पायरीवर तो एकटाच होता, आता मी आहे.

ते खोकं माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. कधीतरी काढून हलवते. टक् करतं.

आणि एवढं बोलले तर शेवटचंही सांगून टाकते, कारण खोटं इथेच लपून राहील नाहीतर. तुम्हाला वाटेल, पोरगी पस्तावली आहे. मी पस्तावले ती वैशूसाठी, बाळासाठी. काका त्या गाडीत एकटा असता आणि जॉइंट कळमेश्वरच्या पुढे सुटला असता, तर दुसऱ्या दिवशी मी पान्यांवरचं कुंकू पुसलं असतं, समोरच्या घरी जाऊन आईबरोबर रडले असते, आणि कामाला लागले असते. हे मी कधीच कुणाला सांगितलं नसतं.